गोधडीवर कविता पुरे, आता सुई घ्या!

आपल्या मंडळाच्या काय, आखातातल्या कुठल्याही मंडळाच्या स्मरणिका चाळा. दर एक-दोन वर्षांआड गोधडीवर एक कविता हमखास सापडते. कवी बदलतो, गोधडी तीच असते. तिच्यात आजीचं नऊवारी असतं, आईची हळदीचा डाग पडलेली साडी असते, आजोबांच्या धोतराचा तुकडा असतो, आणि शेवटच्या कडव्यात कवीला एसीच्या गारठ्यात ती ऊब आठवून गहिवरून येतं. गणेशोत्सवात ती कविता वाचली जाते, टाळ्या पडतात, पहिल्या रांगेतल्या काकू डोळ्यांना रुमाल लावतात. मग आपण सगळे घरी जातो आणि मॉलमधून आणलेल्या पॉलिस्टरच्या कम्फर्टरखाली झोपतो. त्याच्यावर हल्ली गोधडीसारखे चौकोन छापलेले असतात, हे विशेष.

माझा राग कवितेवर नाही. कवितेनंतर काहीच घडत नाही, त्यावर आहे. एखाद्या वस्तूवर कविता वाढू लागल्या आणि ती वस्तू मात्र घरातून दिसेनाशी झाली, की समजावं, आपण तिचं श्राद्ध घालतोय. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, एवढं आपल्याला कळतं. गोधडी अजून जिवंत आहे. तिला लागणारं सगळं सामान या क्षणी तुमच्या घरात पडलेलं आहे. बॅगेच्या तळाशी गेलेल्या जुन्या सुती साड्या, एक सुई, एक रीळ आणि दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास. तरीही ती शिवली जात नाही. का नाही, याची कारणं मी मंडळाच्या पिकनिकपासून ऑफिसच्या पँट्रीपर्यंत सगळीकडे ऐकत आलो आहे. ती एकेक करून तपासू या.

वाळवंटात गोधडी कशाला?

हा पहिला प्रश्न, आणि विचारणारा तो विनोद म्हणून विचारतो. अहो, बाहेर पंचेचाळीस आणि आत बावीस अशा घरांत आपण वर्षातले निम्म्याहून अधिक महिने काढतो. दुबईत, शारजात, अबुधाबीत रात्री पांघरूण न घेता झोपणारा मराठी माणूस मला तरी भेटलेला नाही. पुण्याच्या डिसेंबरात अंगावर जितकं लागत नाही, तितकं इथे जुलैत लागतं.

आणि इथल्या थंडीला गोधडीच योग्य. कम्फर्टरमध्ये कृत्रिम धाग्याचा कापूस भरलेला असतो. तासाभरात घाम येतो, मग पाय बाहेर काढायचा, मग पाय गार पडतो. चादर एकटी पुरत नाही. गोधडी या दोन्हींच्या मधली. तीन-चार सुती थर, त्यांच्यात जेमतेम हवा आणि ते हलू नयेत म्हणून घातलेला धावदोरा. सुती कापड घाम शोषतं आणि सोडतंही. शिवाय जुन्या सुती साडीला जो मऊपणा असतो, तो कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. तो शे-दोनशे धुण्यांनी येतो. म्हणून तर तान्ह्या बाळाचं दुपटं नव्या कापडाचं करत नाहीत. आपल्या आज्यांना थ्रेड काउंट हा शब्द माहीत नव्हता, पण बाळाच्या अंगाला काय टोचतं, ते माहीत होतं.

वेळ कुठे आहे?

हे दुसरं कारण, आणि ते सांगणारे सगळे माझ्याच धंद्यातले. आम्ही कन्सल्टंट मंडळी तासावर बिल लावतो. त्यामुळे कुठलीही गोष्ट तासाच्या दराने मोजायची खोड लागते. एका मित्राने माझ्या गोधडीचा असाच हिशेब मांडला आणि ती अमुक इतक्या हजार दिरहॅमला पडली, असं जाहीर केलं. मी त्याला विचारलं, शेख झायेद रोडवर रोज दीड तास अडकतोस, त्याचं बिल कोणाला लावतोस? रात्री नऊ ते अकरा अंगठ्याने मोबाईल सरकवतोस, त्याचं? दर लागतो तो ज्याचं गिऱ्हाईक असतं त्या तासाला. रात्री साडेनऊच्या माझ्या अर्ध्या तासाला कोणी गिऱ्हाईक नाही, म्हणून तो तास माझा आहे.

आता खरा हिशेब ऐका. बारा इंचांचा एक चौकोन हाताने शिवायला मला अर्ध्या-पाऊण तासाच्या तीन संध्याकाळी लागतात. ओळीत पाच चौकोन आणि अशा सात ओळी, म्हणजे ३५ चौकोन. साठ इंच बाय चौऱ्याऐंशी इंच. एका माणसाला भरपूर. पस्तीस त्रिक एकशे पाच संध्याकाळी. सुट्ट्या, पाहुणे, मुलांच्या परीक्षा धरून दिवाळीला सुरू केलेली गोधडी उन्हाळा लागायच्या आत अंगावर येते. सहा महिन्यांत एक गोधडी. यापेक्षा जास्त वेळ आपण व्हॉट्सअ‍ॅपवर "सुप्रभात" म्हणण्यात घालवतो.

चौकोनांचंच काम का, तेही सांगतो. गावाकडे गोधडी शिवतात ती अंगणात किंवा ओसरीवर पसरून. खाली एक लुगडं ताणून घालायचं, त्यावर जुन्या कपड्यांचे थर लावायचे, वरून दुसरं लुगडं, मग कडेने सुरुवात करून हळूहळू आत यायचं. दोघी-तिघी चारी बाजूंनी बसतात. करामातल्या वन बीएचकेत ही ऐसपैस जागा आणायची कुठून? त्याला उपाय म्हणजे एकेक चौकोन मांडीवर पुरा करायचा. वरचा तुकडा, मधे जुन्या चादरीचा किंवा धोतराचा थर, खाली अस्तर. तिन्ही मिळून धावदोऱ्याच्या समांतर ओळी घालायच्या. कडेला पाव इंच माया सोडायची. असे तयार चौकोन एका पिशवीत साठवायचे आणि सगळे झाले की साडीच्या सुती काठाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडायचे. पट्टी पुढून-मागून बसते, जोड झाकला जातो. विमानात, क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये, मुलाच्या क्रिकेट कोचिंगच्या बाकावर, कुठेही हे काम होतं.

यावर अस्सलपणाचे राखणदार म्हणतात, "ही गोधडी नव्हे, हा अमेरिकन क्विल्ट झाला." त्यांना एवढंच सांगायचं आहे की गोधडीला अस्सल असा एकच आकार कधी नव्हता. देशावर तीच वाकळ होते, बेळगावकडे कौदी होते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागातले सिद्दी लोक, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, ते तिला कवंदी म्हणतात. ते कडेपासून मध्यापर्यंत तुकडे लावत शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची "फुलं" लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी राहते, असं तिथल्या बायका मानतात. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंधमध्ये रल्ली. आपल्याच बिल्डिंगमधल्या एखाद्या सिंधी शेजाऱ्याला रल्ली म्हणून बघा, त्याचा चेहरा कसा खुलतो ते. एवढ्या सगळ्यांनी आपापल्या जागेप्रमाणे आणि चिंध्यांप्रमाणे रीत बदलली, तर करामाने का बदलू नये?

ठिगळाची लाज

तिसरं कारण तोंडावर कोणी बोलत नाही, पण खरं कारण तेच आहे. ठिगळ म्हणजे गरिबी. "आम्ही इथे आलो ते ठिगळं लावायला का?" असं एका बाईंनी मला हसत हसत विचारलं होतं. हसण्यामागची चिडचिड मला कळली. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आजीने लुगड्याला दंड घालून दिवस काढले. एक पिढी त्यातून बाहेर आली, दुसरी पिढी विमानात बसली. त्या प्रवासात ठिगळ मागे टाकणं हेच यश होतं. हे मी कमी लेखत नाही. ज्याने नाइलाजाने ठिगळ लावलं, त्याला त्याची हौस वाटावी असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण नाइलाज गेल्यावर कसबही फेकून द्यायचं, हा कुठला न्याय? भाकरी हीही गरिबीचीच होती. आता तीच आपण मंडळाच्या फूड फेस्टिव्हलला रांग लावून खातो.

आणि ठिगळाचा मान आपल्या परंपरेत काही कमी नाही. विनयपिटकात अशी कथा आहे की बुद्धाने मगधातली बांधाबांधांनी विभागलेली भातशेतं दाखवली आणि आनंदाने त्या नमुन्यावर भिक्षूंचं चीवर तुकडे जोडून बेतलं. आजही चीवर तसंच शिवतात. गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचं पांघरूण घेऊन गावोगाव झाडू मारत फिरले. लोक त्यांना "गोधडे महाराज" म्हणत. ज्या माणसाने धर्मशाळा, सदावर्तं आणि शाळा उभ्या केल्या, त्याने स्वतःच्या अंगावरचं ठिगळ कधी लपवलं नाही.

माझ्या धंद्यातलंच उदाहरण देतो. आम्ही रोज ज्याला "पॅच" म्हणतो, तो शब्द ठिगळाचाच. पूर्वी प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहिलेला असे. चूक सापडली की तेवढा भाग कापून तिथे दुरुस्तीचा तुकडा चिकटवत. तेव्हापासून दुरुस्तीला पॅच म्हणतात. तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो, तिथे बहुधा कुठेतरी कोबोल या १९५९ सालच्या भाषेत लिहिलेलं, हजार ठिगळं लावलेलं काहीतरी चालू असतं आणि ते चालतं म्हणून महिन्याच्या शेवटी तुम्हाला झोप लागते. जग ठिगळांवर चाललंय, मंडळी. लाज फक्त आपल्याला.

ही लाज घालवायला कधी कधी म्युझियम लागतं, हे दुर्दैव. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तिथल्या गुलामांच्या वंशजांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांतून, विटलेल्या जीनमधून पांघरुणं शिवत आल्या. १९६६ साली त्यांनी त्यासाठी एक सहकारी संस्था काढली. २००२ साली त्यांची पांघरुणं ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात भिंतीवर टांगली गेली, मग न्यूयॉर्कला गेली, आणि २००६ साली अमेरिकन पोस्टाने त्यांची तिकिटं काढली. तेव्हा जगाला कळलं की ही कला आहे. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या डोक्यावरच्या बोजक्यात जी वाकळ असते, ती कोणत्या म्युझियमची वाट बघतेय? बंगाल्यांनी निदान आपल्या कांथ्याला जगभर नाव मिळवून दिलं. आपण गोधडीला दिला तो गहिवर.

हे काय पुरुषाचं काम आहे?

मी पुरुष आहे आणि शिवतो, म्हणून हे कारण मला खास ऐकवलं जातं. गंमत अशी, की सातव्याच्या नाक्यावर, म्हणजे सतव्यात आणि मीना बाजारात शिलाईच्या दुकानांतून बसलेले कारागीर बहुतेक सगळे पुरुष. त्यांना कोणी विचारत नाही. आपले नामदेव महाराज जातीने शिंपी, त्यांनाही कोणी विचारलं नाही. म्हणजे पैसे घेऊन सुई चालवली तर ते पुरुषाचं काम, आणि घरच्यांच्या उबेसाठी चालवली की बायकांचं! क्रायमियाच्या युद्धाच्या काळात (१८५३–५६) आणि पुढेही ब्रिटिश सैनिक गणवेशाच्या लोकरी तुकड्यांतून क्विल्ट शिवत. हिंदुस्थानात तैनात असलेल्या शिपायांनी शिवलेलेही काही संग्रहालयांत आहेत. त्यांच्या सामानात सुई-दोऱ्याची जी गुंडाळी असे, तिला ते गमतीने "हाउसवाइफ" म्हणत. बंदूक आणि सुई एकाच खांद्यावर होती. आपल्याला लॅपटॉप आणि सुई जड होते.

माझा मुद्दा फक्त समानतेचा नाही. गोधडी टिकायची तर तिला हात लागणार. आपल्या घरांतल्या बायका नोकरी करतात, मुलांना ट्यूशनला सोडतात, स्वयंपाकही बहुतेक घरांत त्यांच्याच गळ्यात आहे. त्यांनीच आता संस्कृती म्हणून गोधडीही शिवावी, असं सांगणारा माणूस गोधडीचाही शत्रू आणि बायकांचाही. अर्धे हात रिकामे बसलेत, ते कामाला लावा.

आणि मांजरं

आता मांजरांचा विषय. संपादक मंडळ म्हणेल, गोधडीच्या लेखात मांजर कुठून आलं? ते नेहमी जिथून येतं तिथूनच. न बोलावता, पसरलेल्या कापडाच्या मधोमध.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हे सांगायला नको. मांजराला माणसापेक्षा बरीच ऊब लागते. तीस डिग्रीच्या वर कुठेतरी त्याला खरं सुखाचं वाटतं. आपण त्याला बावीसवर ठेवतो. त्यामुळे सुती थर आणि शिवणाऱ्याची मांडी ही फ्लॅटमधली सगळ्यात मोक्याची जागा ठरते. माझ्याकडे दोन मांजरं आहेत, दोन्ही बिल्डिंगच्या पार्किंगमधून आलेली. त्यातली एक पांढऱ्या, काळ्या आणि भगव्या ठिगळांची. तिचं नाव अर्थातच गोधडी. अशा मांजराला इंग्रजीत कॅलिको म्हणतात. कॅलिको हे मूळचं कापडाचं नाव आणि ते आलं आपल्या कालिकतवरून. कालिकतचं कापड युरोपात गेलं, त्याचं नाव मांजराला पडलं आणि ते मांजर आता दुबईत सुती साडीवर झोपलंय. वर्तुळ पूर्ण झालं.

अशी तिरंगी मांजरं जवळजवळ सगळ्या माद्या असतात आणि कुठलं ठिगळ कुठे पडेल, हे केवळ जनुकांवर ठरत नाही. डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासमध्ये जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्माला आलं. आई तिरंगी, जनुकं तीच, पण पिल्लाची नक्षी वेगळीच निघाली. ठिगळकामाची नक्कल निसर्गालाही जमत नाही. छापील गोधडी विकणाऱ्या दुकानदारांनी याची नोंद घ्यावी.

मांजराबरोबर शिवायचं तर काही पथ्यं पाळावीच लागतात. ती ज्याच्या-त्याच्या जिवाशी संबंधित आहेत म्हणून सांगतो. दोरा कधीही उघडा टाकू नका. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो आणि आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होऊ शकतं. कामाला बसताना सुया मोजा, उठताना पुन्हा मोजा. बटर कुकीजचा तो निळा डबा प्रत्येक मराठी घरात असतो, आणि त्यात कुकीज कधीच नसतात. त्याचं झाकण घट्ट बसतं, तो वापरा. आणि मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला, तर ओढू नका. तडक व्हेटकडे न्या.

पण मांजराचा विषय मी गमतीसाठी काढलेला नाही. दर वर्षी जूनमध्ये शाळा संपतात, कोणाची बदली होते, कोणाची नोकरी जाते, कोणी कायमचं परत जातं. आणि त्याच आठवड्यांत पार्किंगमध्ये, कचऱ्याच्या डब्यांपाशी अशी मांजरं दिसू लागतात, जी माणसाला बघून पळत नाहीत, पायाला अंग घासतात आणि बंद लिफ्टसमोर बसून राहतात. ती रस्त्यावरची नसतात. ती कोणाच्या तरी सोफ्यावर वाढलेली असतात. पंचेचाळीस डिग्रीत त्यांचं काय होतं, ते मी लिहीत नाही. या देशात २००७ पासून प्राणी संरक्षणाचा फेडरल कायदा आहे आणि पाळलेला प्राणी असा सोडून देणं गुन्हा आहे. पण मी कायद्याचं बोलत नाही. अबू हुरैरा, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप, हे नाव जिथे प्रेषितांच्या एका मोठ्या सोबत्याचं आहे, अशा मुलखात आपण राहतो. आपल्याकडेही बाळाचं रक्षण करणाऱ्या षष्ठी देवीचं वाहन मांजरच. आणि आपण सत्यनारायण घालून, खोक्यांवर चिकटपट्ट्या लावून, मांजर खाली पार्किंगमध्ये ठेवून विमानतळावर जातो. सगळे नव्हे. पण "आपल्यातले" कोणीच नाहीत, असं छातीवर हात ठेवून म्हणता येईल का?

"आपण काय, तात्पुरते!"

या सगळ्या कारणांच्या मुळाशी एकच वाक्य आहे. "आपण इथे काय, तात्पुरते!" वीस-वीस वर्षं राहिलेली माणसं हे वाक्य बोलतात. २०१९ साली गोल्डन व्हिसा आला, तरी आपल्यातल्या बहुतेकांचा मुक्काम नोकरीच्या व्हिसालाच बांधलेला असतो, हे मान्य. नोकरी गेली की दिवस मोजायला लागतात, हेही मान्य. पण या वाक्याचा उपयोग आपण कशासाठी करतो, ते बघा. तात्पुरते आहोत म्हणून मोडलेली खुर्ची दुरुस्त करायची नाही, फेकायची. तात्पुरते म्हणून शेजाऱ्याचं नाव विचारायचं नाही. तात्पुरते म्हणून साड्या कपड्यांच्या डोनेशन बॉक्समध्ये कोंबायच्या. पूर्वी निदान बोहारीण यायची. तिच्याशी घासाघीस करून साडीच्या बदल्यात एक पातेलं तरी घरात येई आणि साडी कोणाच्या तरी अंगावर जाई. आणि तात्पुरते म्हणूनच मांजर पार्किंगमध्ये.

या सबबीचं सगळ्यात सणसणीत उत्तर म्हणजे गोधडी स्वतः. गोधडी कोणाची? वाड्यातल्या गादीवर लोळणाऱ्यांची ती कधीच नव्हती. ती पालावर राहणाऱ्यांची, मेंढ्यांमागे फिरणाऱ्यांची, सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्यांची, गिरणीत पाळी करून एकाच खोलीत आळीपाळीने झोपणाऱ्यांची. काही भटक्या जमातींतल्या बायका आजही गावोगाव हिंडून लोकांच्या गोधड्या शिवून देतात. म्हणजे ज्यांचा मुक्काम खरोखर तात्पुरता होता, त्यांनीच ही टिकाऊ वस्तू बनवली. घडी होते, खांद्यावर जाते, कुठेही पसरता येते आणि फाटली तर तिच्यावरच नवा थर चढतो. त्यांना जागा तात्पुरती होती, म्हणून वस्तू आणि माणसं त्यांनी घट्ट धरली. आपण नेमकं उलटं शिकलो.

मांजर बरोबर नेता येतं, हेही इथेच सांगतो. मायक्रोचिप, रेबीजची लस, आरोग्याचं प्रमाणपत्र, इथला निर्यात परवाना, भारतातल्या अ‍ॅनिमल क्वारंटाईनची ना-हरकत. खर्च आहे, कटकट आहे, काही महिने आधी सुरुवात करावी लागते. पण ज्या कुटुंबाने कार्गोने बासष्ट इंची टीव्ही नेला, त्याने "मांजराचं कुठे करत बसायचं?" असं म्हणू नये. आणि नेता येत नसेल, तर घर शोधून द्यायला दोन महिने आधीपासून चार जणांना विचारता येतं.

मंडळाने काय करावं?

नुसती टीका करून थांबणाऱ्यांचा मला कंटाळा आहे, म्हणून चार ठोस सूचना करतो.

पहिली. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या वाण म्हणून देऊ नका. सुयांचं एक पाकीट, एक जाड सुती रीळ आणि अंगुस्तान द्या. खर्च तेवढाच येईल. आणि वाण पुरुषांनाही द्या.

दुसरी. महिन्यातून एक रविवार, दोन तास, गोधडीची बैठक. व्याख्यान नको, निवेदन नको, सत्कार तर नकोच. ज्या आज्या मुलांकडे राहायला येतात आणि व्हिजिट व्हिसावर तीन महिने बाल्कनीतून समोरची इमारत बघत बसतात, त्यांना मधे बसवा. त्यांच्या हातात ही विद्या आहे आणि इथे कोणी त्यांना काही विचारत नाही.

या बाबतीत यजमानांकडून शिकण्यासारखं आहे. इथल्या बेदू बायकांचं सदू विणकाम मरणपंथाला लागलं, तेव्हा या देशाने ते उघडपणे कबूल केलं. २०११ साली युनेस्कोच्या, तातडीने जतन करायची गरज असलेल्या वारशाच्या यादीत ते नोंदवलं गेलं. २०२२ साली तल्ली या जरीच्या विणीचीही युनेस्कोकडे नोंद झाली. पण त्यांनी यादीवर भागवलं नाही. वारसा महोत्सवांत बायका जमिनीवर माग मांडून प्रत्यक्ष विणतात. तुम्ही जवळ बसू शकता, हात लावू शकता. आपल्या महोत्सवात आपण स्टेजवर नऊवारी नेसून गोधडीवर नाच बसवतो.

तिसरी. मंडळ सोडून कायमचं जाणाऱ्या कुटुंबाला आपण काचेचा बुर्ज खलिफा भेट देतो. तो पुण्याला पोचेपर्यंत शेंडा मोडतो. त्याऐवजी प्रत्येक घराने एक चौकोन शिवावा आणि जाणाऱ्याला त्यांची गोधडी द्यावी. जाणाऱ्यानेही एक जुनी सुती साडी मंडळाच्या पेटीत ठेवून जावी. पुढच्याची गोधडी तिच्यातून होईल.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची. निरोप समारंभाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा. "घरात पाळीव प्राणी आहे का? असल्यास त्याची काय व्यवस्था केली?" उत्तर "अजून नाही" असेल, तर कार्यकारिणीने फोन फिरवायला घ्यावेत. बिर्याणीच्या ऑर्डरसाठी आपण चाळीस फोन करतो. एका जिवासाठी दहा करू.

एवढं झालं, तर पुढच्या स्मरणिकेत गोधडीवर कितीही कविता छापा, माझी हरकत नाही. फक्त संपादकांनी कविता घेताना कवीचं उजव्या हाताचं बोट तपासून घ्यावं. सुईचे टोचे दिसले, तर पहिल्या पानावर छापा.